चाकणच्या काचेवरची टिकली

लोक निवृत्त झाले की काशीला जातात, चारधामला जातात, ज्यांची मुलं परदेशात आहेत ते अमेरिकेत नातवंडं सांभाळून येतात. मी गेलो निगडी, थेरगाव आणि चाकणला. मिरजेत हे कुणालाही सांगितलं की समोरचा एकच प्रश्न विचारतो, तिथं बघायला काय आहे? परवा आमच्या कट्ट्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. दरवेळी घसा कोण कोरडा करणार?

मला बोलावलं होतं भाचीनं, केतकीनं. ती संगणकाचे प्रोग्राम लिहिते. निगडीच्या प्राधिकरणात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तिचं छोटंसं ऑफिस आहे. चाकणच्या कारखान्यांत कामगार ज्या काचेवर बोट लावून कामाची नोंद करतात, तो स्क्रीन ती आणि तिची माणसं बनवतात. तिची तक्रार अशी, की तिच्याकडची मुलं प्रोग्राम झकास लिहितात, पण स्क्रीन असा करतात की बघणाऱ्याला घेरी यावी. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, केतकीलाही शिकवली. "मामा, आम्हाला शिकवलंत ते यांना शिकवा," म्हणाली. मी म्हटलं, अगं, मला साधा मोबाईल धड येत नाही. तर म्हणे, रेषा ती रेषाच ना? या वाक्यावर मी विरघळलो आणि बॅग भरली. हिनं डोळे मोठे करून पाहिलं, पण भडंगाचा डबा दिला.

निगडी

एसटीनं स्वारगेट, पुढं मेट्रो, पुढं बस. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं घडलं ते उतरल्यावर. प्राधिकरण म्हणजे पट्टी लावून आखलेलं गाव. सरळ रस्ते, काटकोनात चौक, ओळीनं बंगले, प्रत्येकापुढं तेवढीच झाडं. आमच्या मिरजेत पत्ता सांगायचा तर तंतुवाद्यांच्या दुकानावरून डावीकडं वळा आणि पिठाच्या गिरणीपाशी कुणालाही विचारा, असा सांगतात. इथं सेक्टर आणि प्लॉट. मी खूश झालो. एवढं नीटनेटकं गाव मी पाहिलंच नव्हतं. आणि त्याच नीटनेटकेपणात साफ चुकलो. सगळे कोपरे सारखे, सगळी फाटकं सारखी, मग आपण कुठल्या कोपऱ्यावर उभे आहोत हे कळावं कसं? शेवटी एका भलत्याच बंगल्यात शिरलो. तिथल्या बाईंनी आधी पाणी दिलं आणि मग कोण म्हणून विचारलं. माणुसकी आहे हो, उगाच कशाला नावं ठेवा.

केतकीच्या खोलीत दोघं जण एकमेकांकडं पाठ करून, कानाला हेडफोन लावून बसले होते. ओमकार लातूरकडचा, श्वेता थेरगावचीच. दोघंही गुणी. पण त्यांनी केलेला स्क्रीन पाहिला आणि मी कपाळाला हात लावला. लाल, पिवळा, जांभळा, केशरी, सगळे रंग एका काचेवर. प्रत्येक शब्द जाड. प्रत्येक आकड्याला चौकट, चौकटीला पुन्हा सावली. लग्नाच्या वरातीत सगळ्यांनीच फेटे बांधले तर नवरदेव ओळखायचा कसा, असं मी विचारलं. ओमकार हसला. "सर, सगळंच महत्त्वाचं हाय म्हणून सांगायलेत कंपनीवाले," म्हणाला.

मग मी त्यांना शाळेतला पहिला धडा दिला. म्हटलं, खुर्ची मागं सरकवा, डोळे किलकिले करा. अक्षरं दिसेनाशी होऊ द्या. आता काय उरलं ते सांगा. जे उरतं तेच माणसाला आधी दिसतं. दोघांनी डोळे बारीक केले. श्वेता म्हणाली, कंपनीचं चिन्ह उरलं. म्हणजे दिवसभर पार्ट तपासणाऱ्या माणसाला सगळ्यात ठळक काय दिसतं, तर आपण कुठं नोकरी करतो ते. ते तर त्याच्या शर्टावरही लिहिलेलं असतं.

त्या दिवशी मला फारच चेव चढला. कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, अंगणात रांगोळी उठून दिसते ती भोवतीच्या सारवणामुळं, हे सांगितलं. जे एकत्र वाचायचं ते जवळ ठेवा, बाकीचं लांब. एकाच काठावरून ओळी सुरू करा. दोनच आकार ठेवा अक्षरांचे, पण फरक असा ठेवा की लांबून कळेल. मुलं लिहून घेत होती. संध्याकाळपर्यंत मी ड्रॉइंग पेपरवर अख्खा स्क्रीन नव्यानं मांडून दिला. वर पार्टचं नाव, मध्ये दोन मोठी बटणं, हिरवं ओकेचं आणि लाल रिजेक्टचं, भोवती भरपूर मोकळं. तपासणाऱ्याचं नाव आधी वर आकड्यांच्या गर्दीत होतं. ते मी खाली कोपऱ्यात, फिकट आणि बारीक करून टाकलं. म्हटलं, ज्याचं त्याला नाव माहीत असतं की.

केतकीला कागद आवडला. पण तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं, हे माझ्या लक्षात आलं.

थेरगाव

केतकीचं घर डांगे चौकाच्या मागं. एवढी दाटी मी आमच्या बाजारातही पाहिली नाही. इमारतीला इमारत खेटून, खाली दुकान, दुकानापुढं हातगाडी, हातगाडीपुढं रिक्षा, आणि त्यातून माणसं अशी सराईत चालतात की कुणाचा कुणाला धक्का नाही. सकाळच्या सरळ रेषांत मी चुकलो होतो. इथं मात्र एकदा जिना उतरून भाजी घेऊन आलो तो थेट दारात. कोपऱ्यावर चपलांचा ढीग लावलेलं दुकान, त्याच्यासमोर उसाचं गुऱ्हाळ, तिथं वळायचं. संपलं.

जेवताना तिनं सांगितलं. चाकणच्या ज्या कारखान्यात तिचा स्क्रीन बसवलाय, तिथं मंगलताई नावाच्या एक बाई तपासणीवर आहेत. बरीच वर्षं तेच काम. होळीनंतर त्यांच्या नावावर रिजेक्ट भलतेच वाढले. चांगला माल बाद करतात, असं आकडे सांगतात. गुणवत्ता विभागाचे प्रमुख साळुंखे साहेब शनिवारी निर्णय घेणार, बाईंना तपासणीवरून काढून पॅकिंगला टाकायचं. पॅकिंग म्हणजे दिवसभर खोकी उचलणं, आणि बाईंना कमरेचं दुखणं.

"मामा, आकडे माझ्या सॉफ्टवेअरनं दिलेत," केतकी म्हणाली. "ते खरे असतील तर माझं काही म्हणणं नाही. पण खोटे असले तर?"

तपासून पाहिलंस का, मी विचारलं. तिनं पाहिलं होतं, दोनदा. प्रोग्राममध्ये चूक नव्हती. जे बटण दाबलं जातं तेच नोंदलं जातं. मग बाईच चुकत असेल, असं मी म्हणून गेलो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.  ताटातली भाकरी केतकीनं तशीच ठेवली आणि म्हणाली, उद्या तुमचा कागद घेऊन चाकणला जाऊ, तुम्हीही चला.

चाकण

चाकणच्या रस्त्याबद्दल एकच सांगतो. कंटेनरच्या मागं कंटेनर, त्याच्या मागं आम्ही. तेवढ्या वेळात मिरजेहून सांगलीला जाऊन चहा पिऊन परत आलो असतो. त्यावर उतारा म्हणून केतकीनं वाटेत मासवडी खायला घातली. नावात मासा असला तरी शुद्ध शाकाहारी. बेसनाच्या वडीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण आणि सोबत झणझणीत रस्सा. आमच्याकडं रश्शाला तिखट म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवू नये, पण या रश्शानं माझी बोलती बंद केली हे कबूल.

कारखान्याच्या दारात मला लोखंडी टोकाचे बूट दिले. मापाचे नव्हते. अंगापेक्षा बोंगा मोठा अशा थाटात मी फटक फटक करत आत शिरलो. आत जमिनीवर पिवळे पट्टे आखलेले, चालायचं ते त्यांच्या मधूनच. यंत्रं बघण्याच्या नादात माझा पाय पट्ट्याबाहेर पडला, तसा कुठून तरी एक सुरक्षारक्षक आला आणि नम्रपणे मला आत सरकवून गेला. मला तर ते पट्टे फार आवडले. ज्यानं आखले त्याला चित्रकलेत पैकीच्या पैकी.

मंगलताई शेवटच्या टेबलावर होत्या. पन्नाशीच्या आसपास, निळा कोट, त्यावरून जाळीची टोपी. जवळच्याच गावच्या. घरची शेती, आणि घरातल्या अर्ध्या माणसांच्या कंपनीत शिफ्टा. केतकीनं आमची ओळख करून दिली तर त्यांनी मान हलवली आणि काम चालूच ठेवलं. मी मागं स्टुलावर बसलो. पार्ट डाव्या हातात घ्यायचा, दिव्याखाली धरायचा, सावकाश फिरवायचा, आतल्या कडेवरून बोट न्यायचं. चांगला असेल तर निळ्या क्रेटमध्ये, वाईट असेल तर लाल क्रेटमध्ये. आणि दरवेळी उजवा हात आपोआप काचेकडं जायचा. नजर मात्र पार्टवरच. स्क्रीनकडं त्या बघतच नव्हत्या. छताच्या पत्र्यातून ऊन थेट काचेवर येत होतं, त्यामुळं बघून दिसलंही नसतं. माझ्या सुंदर कागदाची घडी मी हळूच खिशात सारली.

हात नेमका बटणावर कसा पडतो, हे मी जरा पुढं होऊन पाहिलं. काचेवर उजव्या बाजूला एक लाल टिकली चिकटवलेली. कपाळाला लावतात तीच, मखमली. बोट टिकलीला लागलं की दाबायचं, माल वाईट असेल तर टिकली सोडून डावीकडं. वर चौकटीवर हळदीकुंकवाचे वाळलेले डाग. मी विचारलं, तर खंडेनवमीची पूजा, म्हणाल्या. त्या दिवशी सगळ्या यंत्रांना हार घालतात. यांनी आपल्या काचेला कुंकू लावलं, पण काचेवर कुंकू ठरेना, म्हणून टिकली लावली. ती नेमकी ओकेच्या बटणावर बसली, आणि मग तिचाच हाताला सराव झाला. पूजेची टिकली पुढच्या खंडेनवमीपर्यंत काढायची नाही, अशी त्यांची रीत. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडं तंतुवाद्यांची पूजा होते, आणि माझ्या ब्रशांच्या डब्यावरचं कुंकूही मी कधी पुसत नाही.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत. चुकत होतं कुठं ते मला दिसेना. मग पार्ट बदलला. दुसऱ्या गिऱ्हाइकाचा लहान पार्ट, तो रोज थोडा वेळच चालतो. होळीनंतर सुरू झालेला. मंगलताईंचा हात तसाच चालला. जेवणानंतरची सुस्ती म्हणा की सवय म्हणा, मी मागं रेलून डोळे किलकिले केले. अक्षरं गेली, उन्हाची चमकही थोडी मंदावली. कंपनीचं चिन्ह उरलं आणि बटणांच्या जागी दोन रंगांचे दोन ठिपके. आणि टिकलीच्या खालचा ठिपका लाल होता.

मी डोळे चोळले. सकाळी तिथं हिरवा होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. केतकीला हाक मारली. तिनं हातानं ऊन अडवून पाहिलं. लालच होता.

झालं होतं ते एवढंच. पहिल्या पार्टचा स्क्रीन ओमकारनं केला, त्यानं ओके उजवीकडं ठेवलं. नव्या पार्टचा श्वेतानं केला, तिनं ओके डावीकडं ठेवलं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. एका खोलीत पाठीला पाठ लावून बसणाऱ्या दोघांनी मागं वळून एकमेकांना विचारलं नाही, एवढंच. दुसऱ्या शिफ्टमधला तपासणीस तरुण, तो बटण वाचून दाबतो, म्हणून त्याचे आकडे ठीक. मंगलताई टिकलीवर बोट ठेवत होत्या आणि रोज थोडा वेळ चांगला माल स्वतःच्या नावावर बाद लिहीत होत्या. काच आवाज करते, पण दोन्ही बटणांना एकच टुंक.

साळुंखे साहेब आले. उंच, घाईतले, बोलता बोलता घड्याळ बघणारे. त्यांना आधी पटेना. केतकी त्यांना लाल क्रेटपाशी घेऊन गेली. स्क्रीन म्हणत होता भरपूर रिजेक्ट, आणि क्रेटच्या तळाशी पार्ट जेमतेम. क्रेट रोज रिकामी होते, आकडे रोज वरच्या ऑफिसात जातात, दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नव्हतं. साहेबांनी क्रेटमध्ये वाकून पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, ते ठीक आहे, पण आधी ती टिकली काढा. गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. मशीनवर असलं काही चालत नाही."

"न्हाई काढायची," मंगलताई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण हातातला पार्ट त्यांनी खाली ठेवला, आणि सकाळपासून त्यांचा हात थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. "दसऱ्यापातूर ती तिथंच ऱ्हाईल. माझं काय चुकतंय ते होळीपास्नं समदे मशीनला इचारत्यात, सायेब. मी हितंच तर बसलीया."

 मला तर माझं आदल्या रात्रीचं वाक्य आठवलं आणि फार वाईट वाटलं. शेवटी केतकी म्हणाली, टिकली राहू दे, आम्ही बटण टिकलीखाली आणतो. दोन्ही स्क्रीनवर ओके उजवीकडं, आणि आवाज दोन वेगवेगळे. ऑडिटला मी स्वतः येऊन सांगते की ही आमची खूण आहे. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ठीक आहे म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. "बघू," एवढं बोलून गेले.

चहाच्या सुट्टीत मंगलताईंनी आम्हाला डब्यातले शेंगदाण्याचे लाडू दिले. राग गेला नव्हता, पण पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही. केतकीनं त्यांना विचारलं, नवा स्क्रीन करतोच आहोत, तर तुम्हाला त्यात काय हवं? मला वाटलं, बटणं मोठी मागतील.

"माझं नाव जरा मोठं करा," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, का हो?

"मागनं सायेब लोकं जात्यात, पावनी मंडळी येत्यात. आकडे बगत्यात. कुनी केलं ते बगत न्हाईत. व्हय, बसलेली बाई कोन हाय ते बी दिसू दे की."

पुन्हा निगडी

त्या रात्री ओमकार आणि श्वेता खुर्च्या वळवून समोरासमोर बसले. दोघांनाही लागलं होतं. ओमकार सारखा म्हणत होता, राव, मी एकदा विचारायला पाहिजे होतं. मी आणि केतकी चहाच्या टपरीवरून परत येईपर्यंत दोन्ही स्क्रीनवर बटणं जागेवर आली होती. भिंतीवर त्यांनी आपला पहिला नियम चिकटवला, बटण आपली जागा सोडणार नाही. मी शिकवलेले सगळे नियम त्याच्या खाली.

भांडण झालं ते नावावरून. केतकीनं विचारलं, मामा, नावाचं काय करायचं? मी माझ्या कागदावर ठाम. म्हटलं, ही कामाची जागा आहे, लग्नपत्रिका नव्हे. बाईंच्या कामाला नावाचा उपयोग काय? नाव मोठं केलंत की बटणांचा जोर गेला, कोरी जागा गेली. सगळं महत्त्वाचं तर काहीच महत्त्वाचं नाही, हे मीच तर सांगितलंय. केतकी म्हणाली, पण मामा, काल रात्री तुम्हीसुद्धा बाईंचं नाव न घेता बोललात. मी चिडलो. कुठं काय बोलतेस, म्हणालो.  दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली ती जरा घुश्शातच.

शनिवारी केतकीचा फोन आला. साळुंखे साहेबांनी निर्णय पुढं ढकलला होता. टिकलीला दसऱ्यापर्यंत मुदत, म्हणाले, तर बाईंनाही दसऱ्यापर्यंत देतो. नव्या स्क्रीनचे आकडे बघतो आणि मग ठरवतो. टेबलावर सध्या त्याच, पुढचं कुणी सांगावं. हिनं विचारलं, काय झालं तिकडं, एवढे गप्प का? मी सगळं सांगितलं. नावाचंही सांगितलं. ऐकून ही म्हणाली, "मग करायचं होतं की मोठं. तुमचं काय जात होतं?"

उन्हाळा गेला, गणपती गेले. मी केतकीला विचारायचं टाळत होतो. वाईट बातमी असेल तर ती आपल्याला आपणहून कळतेच, असं मनाशी म्हणायचो.

खंडेनवमीला मी सकाळी ब्रशांची पूजा केली आणि गच्चीत पेपर वाचायला बसलो. फोन वाजला. केतकीनं फोटो पाठवला होता, शब्द एकही नाही. काच पुसून लखलखीत. वरून झेंडूचा हार. उजवीकडं, त्याच जागी, नवीकोरी टिकली, आणि तिच्याखाली हिरवं. मी सवयीनं डोळे किलकिले केले. हिरवं उरलं, लाल उरलं, आणि वर तिसरं काहीतरी उरलं, काळं, ठसठशीत, भोवती भरपूर कोरी जागा सोडलेलं.

चष्मा खाली पेपरवरच राहिला होता. त्याच्याशिवायच मी वाचलं: तपासणी, मंगल.